हिब्रूची धातुमुळं आणि 'पेआलीम': रोजच्या शब्दांसाठी किती कामाचं?

इस्राएलमधल्या दुकानात गल्ल्यावर कार्ड पुढे केलं की समोरून प्रश्न येतो, "कामा ताश्लुमीम?" किती हप्ते? साध्या शब्दकोशात 'ताश्लूम' पाहिलं तर 'भरणा, हप्ता' एवढं मिळतं आणि विषय संपतो. 'पेआलीम' या संकेतस्थळावर त्याच शब्दाच्या वर श-ल-म ही तीन मूळ अक्षरं दिसतात. त्यांवर टिचकी मारली की ओळखीचं 'शालोम' समोर येतं. शेजारी 'लेशालेम' म्हणजे पैसे चुकते करणं, 'शालेम' म्हणजे अख्खं, 'मुश्लाम' म्हणजे परिपूर्ण, 'लेहाश्लीम' म्हणजे उरलेलं पुरं करणं. एक शब्द शोधायला जावं आणि त्याचं अख्खं कुटुंब दारात उभं राहावं, ही या साधनाची खरी कमाई. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि नोंदणीही करावी लागत नाही.

'पेआलीम' म्हणजे क्रियापदं, 'पोआल' या शब्दाचं अनेकवचन. नाव क्रियापदांचं असलं तरी आत नामं, विशेषणं आणि शब्दयोगी अव्ययंही आहेत. अर्थ इंग्रजीत आहेत, मराठीत नाहीत. देवनागरीत शोधताही येत नाही. हिब्रू अक्षरांत, रोमन लिपीत उच्चार लिहून किंवा इंग्रजी अर्थ टाकून शोधावं लागतं. यातला रोमन उच्चाराचा मार्ग नवशिक्याला सगळ्यात उपयोगी, कारण हिब्रूत एकाच आवाजाची दोन-दोन अक्षरं आहेत. तेत आणि ताव दोन्हींचा 'त', काफ आणि कूफ दोन्हींचा 'क', खेत आणि मऊ काफ दोन्हींचा घशातला 'ख'. ऐकलेला शब्द हिब्रू अक्षरांत टाकायचा तर आधी स्पेलिंग माहीत हवं, आणि ते माहीत असतं तर शोधायची वेळच आली नसती. रोमन उच्चार टाकला की ही कोंडी सुटते. तिथे घशातल्या 'ख'साठी इंग्रजी सी-एच ही जोडी वापरलेली असते, तेवढं लक्षात ठेवा. ती वाचून 'च' म्हणायची सवय लागली तर 'लिख्तोव'चं 'लिच्तोव' होतं.

या लेखात घशातल्या आवाजाला 'ख' लिहिलं आहे. तो आपल्या 'खांब'मधला महाप्राण ख नव्हे. उर्दू नीट बोलणाऱ्याच्या तोंडचा 'खबर'मधला ख आठवा, तोच.

क्रियापदाच्या पानावर काय असतं

'लिख्तोव', म्हणजे लिहिणं, हे उदाहरण घ्या. वर धातू, म्हणजे मूळ अक्षरं, क-त-ब, खाली बिन्यान, म्हणजे क्रियापदाचा साचा, 'पाअल', आणि मग तक्ता. वर्तमानकाळाची ४ रूपं, भूतकाळाची ९, भविष्यकाळाची १०, आज्ञार्थाची ४ आणि मूळ रूप १, अशी २८ रूपं एका पानावर. प्रत्येक रूप निकूदसह म्हणजे स्वरबिंदूंसह दिलेलं, त्याखाली रोमन उच्चार, आणि ज्या अवयवावर (उच्चारातल्या तुकड्यावर) आघात पडतो तो ठळक. आघाताची ही खूण फार मोलाची आहे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला तो टिपायची सवय नसते. हिब्रूत 'बीरा' पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हटलं तर ती प्यायची बीअर, शेवटच्या अवयवावर जोर दिला तर राजधानी.

आणखी एक सोय चटकन नजरेत भरत नाही. इस्राएलमधल्या पाट्या, वर्तमानपत्रं, फोनवरचे संदेश यांत निकूद नसतात. त्यांच्या जागी कधी जादा 'वाव' किंवा 'योद' ही अक्षरं घालतात. म्हणजे शिकण्याच्या पुस्तकातलं स्पेलिंग आणि रस्त्यावरचं स्पेलिंग वेगळं पडतं. पेआलीमवर असं रूप आलं की निकूदवाल्या लेखनापुढे नागमोडी रेघ देऊन रस्त्यावरचं लेखनही छापलेलं असतं. 'दिबेर' (तो बोलला) हे पाहा. निकूद असताना त्यात योद नाही, निकूद काढले की योद येतो. दोन्ही रूपं शेजारी बघायला मिळाली नाहीत तर शिकणारा माणूस दुकानाच्या पाटीसमोर अडखळतो आणि हा शब्द आपल्याला येतच नाही असं समजतो.

तक्ता पाठ करू नका. २८ रूपांतली सुरुवातीला सहा पुरतात: मूळ रूप, वर्तमानातली पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी एकवचनं, भूतकाळातलं 'मी' आणि 'तो', भविष्यातलं 'तो'. 'लेशालेम' असेल तर लेशालेम, मेशालेम, मेशालेमेत, शिलाम्ती, शिलेम, येशालेम. बाकीची याच सहांवरून बांधता येतात. आज्ञार्थाचा रकाना तर रोजच्या बोलण्यात बराचसा पडून असतो. 'लेख' (जा), 'बो' (ये), 'शेव' (बस), 'काख' (घे), 'तेन' (दे) अशी मोजकी आज्ञार्थी रूपं सोडली तर लोक भविष्यकाळ वापरूनच सांगतात: 'तिफ्ताख', उघड. स्त्रियांच्या अनेकवचनाची 'तिख्तोव्ना' छापाची रूपंही बोलीत पुल्लिंगी रूपांनी मागे टाकली आहेत, आणि तशी टीप तक्त्यातच दिलेली आहे. असा प्रामाणिकपणा अनेक छापील व्याकरणांत नसतो.

धातू शोधताना चुकतं कुठे

संस्कृतचा थोडाफार गंध असलेल्या मराठी वाचकाला 'धातू' ही कल्पना परकी नाही. हिब्रूत त्याला 'शोरेश' म्हणतात, म्हणजे झाडाचं मूळ. फरक असा की संस्कृतात धातूला मागेपुढे उपसर्ग-प्रत्यय जोडले जातात, तर हिब्रूत तीन व्यंजनांचा सांगाडा असतो आणि स्वर त्याच्या आतही ओतले जातात. क-त-ब हा सांगाडा घ्या. काताव (त्याने लिहिलं), मिख्ताव (पत्र), क्तोवेत (पत्ता), क्तीव (शुद्धलेखन), हाख्तावा (श्रुतलेखन), लेहित्कातेव (पत्रव्यवहार करणं). बातमीदारही 'काताव'च, उच्चार 'त्याने लिहिलं'सारखाच, पण निकूदात मधल्या अक्षरात ठिपका जास्त.

पहिली अडचण इथेच आहे. धातूत 'ब' असून शब्दांत 'व' ऐकू येतो. बेत, काफ आणि पे ही तीन अक्षरं शब्दातल्या जागेप्रमाणे कडक किंवा मऊ होतात: ब-व, क-ख, प-फ. म्हणून 'सेफेर' (पुस्तक) आणि 'सिपूर' (गोष्ट) कानाला वेगळे वाटले तरी धातू एकच, स-प-र. शोधताना 'व' ऐकला तर दोन शक्यता धरायच्या, वाव किंवा मऊ बेत. 'फ' ऐकला तर जवळजवळ नेहमी पे. फोनसारखे परके शब्दही त्याच अक्षराने लिहितात.

दुसरी अडचण गळणाऱ्या अक्षरांची. धातूचं पहिलं अक्षर 'नून' असेल तर ते अनेक रूपांत नाहीसं होतं. शाळेच्या किंवा कारखान्याच्या बसवर 'हासाआ' असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे ने-आण. त्यात तीन व्यंजनं शोधत बसलं तर हाती काही लागत नाही, कारण धातू न-स-आयिन आहे आणि नून गळून गेला आहे. 'नोसेआ' (प्रवासी), 'नेसिया' (प्रवास) यांत तो शाबूत आहे, 'मासा' (मोठा प्रवास, वाटचाल) यात पुन्हा गायब. 'योद'ने सुरू होणारे धातूही असेच. 'याशाव' म्हणजे तो बसला, मूळ रूप मात्र 'लाशेवेत', आणि नामांत योदच्या जागी 'ओ' येऊन बसतो: मोशाव (वसाहत), तोशाव (रहिवासी). 'जाणं' याचं मूळ रूप 'लालेखेत', धातू ह-ल-ख, आणि सुरुवातीचा ह बेपत्ता. 'घेणं' या क्रियापदात तर पहिला ल पडतो: लाकाख, पण भविष्यात यिकाख. 'मधलं अक्षर वाव' या जातीचे धातूही पुष्कळ आहेत: काम (तो उठला), लाकूम (उठणं), माकोम (जागा). अशा वेळी धातू स्वतः ताणून काढायचा हट्ट सोडावा आणि ऐकलेलं रूप जसंच्या तसं पेआलीमच्या शोधात टाकावं. कोणतंही रूप टाकलं तरी ते मूळ क्रियापदाच्या पानावर नेतं. छापील कोशाला हे जमत नाही.

तिसरी अडचण 'हित्पाएल' या बिन्यानात येते. धातूचं पहिलं अक्षर स, श, त्स किंवा ज असेल तर बिन्यानातला 'त' त्याच्या मागे सरकतो, कधी रूपही बदलतो. श-म-श पासून 'लेहित्शामेश' होत नाही, 'लेहिश्तामेश' (वापरणं) होतं. ज-क-न पासून 'लेहिज्दाकेन' (म्हातारं होणं); इथे त चा द झाला. फोटो काढून घेणं म्हणजे 'लेहित्स्तालेम', धातू त्स-ल-म. ऐकलेल्या शब्दात असा मधेच घुसलेला त किंवा द दिसला तर तो बाजूला काढून बघा.

नामांतून धातू काढताना पुढचं-मागचं सोलायचं. शब्दघडणीत जोडली जाणारी अक्षरं सातच: आलेफ, हे, मेम, नून, ताव, योद, वाव. हिब्रू शाळांत ती 'हेएमान्तीव' या एका शब्दात बांधून लक्षात ठेवतात. 'ताश्लुमीम'मधून शेवटचं ईम (अनेकवचन), सुरुवातीचा ता आणि मधला ऊ काढला की श-ल-म उरतं. त्याच्याही आधी, शब्दाला चिकटलेले ब (मध्ये), ल (-ला), मि (-हून), हा (ते विशिष्ट), वे (आणि), शे (जो) हे काढून टाका. आपले विभक्तिप्रत्यय शेवटी लागतात, यांचे सुरुवातीला. घर म्हणजे 'बायित', घरात म्हणजे 'बाबायित'. शोधखिडकीत 'बाबायित' टाकण्यापेक्षा 'बायित' टाकलेलं केव्हाही चांगलं.

धातू एक, घरं दोन

या साधनावरचा सगळ्यात मोठा आक्षेप इथे. पेआलीम धातूची पानं अक्षरांवरून लावतं. स-प-र उघडलं की सेफेर, सिफ्रिया (ग्रंथालय), सोफेर (लेखक), लेसापेर (सांगणं) हे एकीकडे, लिस्पोर (मोजणं), मिस्पार (संख्या) दुसरीकडे, आणि त्यातच सापार (न्हावी), तिस्पोरेत (केस कापणं), लेहिस्तापेर (केस कापून घेणं) सगळे एका रांगेत. मोजणं आणि सांगणं यांचं नातं लागतं. आपल्या 'गणना' आणि 'कथन'मध्ये नसलेलं नातं तिथे आहे. न्हावी मात्र वेगळ्या घरचा. 'लेसापेर' हे एकच रूप तर गोष्ट सांगणं आणि दुसऱ्याचे केस कापणं, दोन्हींना चालतं. यादी हे वेगळं करून सांगत नाही. नवशिका मग पुस्तक आणि कात्री यांत ओढूनताणून संबंध लावतो, आणि एकदा लावलेला खोटा संबंध डोक्यातून जाता जात नाही. म्हणून धातूचं पान उघडल्यावर पहिलं काम गट पाडायचं. अर्थ सहज जुळत नसेल तर तो शब्द त्या दिवशी घ्यायचा नाही.

उलट बाजूचा सापळा 'कारा'चा. कानाला एकच शब्द, पण शेवटचं अक्षर आलेफ असेल तर 'त्याने वाचलं, हाक मारली', 'हे' नावाचं अक्षर असेल तर 'घडलं', आयिन असेल तर 'फाडलं'. तीन वेगळे धातू, उच्चार एक. वर्तमानकाळात वाचतो आणि घडतं ही दोन्ही 'कोरे'च राहतात, फाडतो मात्र 'कोरेआ' होतं. मिक्रे (घटना) कोणाच्या घरचा हे ऐकून कळणार नाही, लिहिलेलं पाहावंच लागेल. देवनागरीत हिब्रू लिहून शिकणाऱ्यांची फजिती इथेच होते. आलेफ-आयिन, काफ-कूफ, तेत-ताव हे भेद देवनागरीत पुसले जातात. पहिले पंधरा दिवस देवनागरीचा आधार ठीक, त्यानंतर २२ अक्षरं आणि शब्दाच्या शेवटी रूप बदलणारी पाच (काफ, मेम, नून, पे, त्सादी) हाताने लिहिता आलीच पाहिजेत. बेत-काफ, दालेत-रेश, हे-खेत, सामेख आणि शेवटचा मेम या जोड्या सारख्या दिसतात. त्या शेजारी शेजारी लिहून घटवाव्यात.

बिन्यानांबद्दलही सावध. सात आहेत: पाअल, निफआल, पिएल, पुआल, हित्पाएल, हिफइल, हुफआल. 'हिफइल म्हणजे प्रयोजक, निफआल म्हणजे कर्मणी' असं सूत्र सगळीकडे सांगतात. सुरुवातीला ते आवडतं, कारण आखाल (खाल्लं) आणि हेएखील (खाऊ घातलं) यांत आपल्याला खाणं-खाऊ घालणं दिसतं. पण 'निख्नास' म्हणजे तो आत आला, यात कर्मणी काही नाही. 'हिस्कीम' म्हणजे तो कबूल झाला, यात कोणी कोणाकडून काही करवलेलं नाही. धातू घेऊन मनाने बिन्यानात ओतला तर अर्धे शब्द असे तयार होतात की ते कोणी बोलतच नाही. पेआलीमचा एक छान वापर हाच: स्वतः घडवलेला शब्द तिथे टाका. पान निघालं नाही तर तो बोलण्यात वापरू नका.

बिन्यानांपेक्षा रोजच्या शब्दांना 'मिश्काल', म्हणजे नामांचे साचे, जास्त कामी येतात, आणि याकडे पेआलीमवर येणाऱ्यांचं लक्ष कमी जातं. नामाच्या पानावर साचा दिलेला असतो. आजारांचा साचा पाहा. केलेव म्हणजे कुत्रा, कालेवेत म्हणजे रेबीज. त्साहोव म्हणजे पिवळा, त्साहेवेत म्हणजे कावीळ. न-ज-ल म्हणजे ठिबकणं, नाजेलेत म्हणजे वाहतं नाक. अवजारांचा साचा 'मा'ने सुरू होतो. पाताख म्हणजे उघडलं, माफ्तेआख म्हणजे किल्ली. बोरेग म्हणजे स्क्रू, माव्रेग म्हणजे पेचकस. पेशांचा साचा दोन 'आ'चा: सापार, ताबाख (आचारी), नागार (सुतार). रंगांची दुरुक्तीही गोड आहे. यारोक म्हणजे हिरवा आणि येराक्राक म्हणजे हिरवट. आदोम लाल, आदाम्दाम लालसर. मराठीला '-ट' आणि '-सर' लावून जे साधतं ते हिब्रू शेवटची दोन व्यंजनं पुन्हा म्हणून साधतं. चार-पाच साचे कानात बसले की न शिकलेला शब्दही निम्मा कळतो.

नामांच्या पानावर लिंग, अनेकवचन आणि समासातलं रूप मिळतं. हे तिन्ही बघितल्याशिवाय नाम शिकल्याचं समजू नका. शुल्खान (टेबल) पुल्लिंगी, पण अनेकवचन शुल्खानोत. मिला (शब्द) स्त्रीलिंगी, अनेकवचन मात्र मिलीम. बायित समासात 'बेत' होतं: बेत सेफेर म्हणजे शाळा, बेत खोलीम म्हणजे इस्पितळ.

मराठी भाषकाकडे आधीच काय आहे

इंग्रजी भाषकाला जे डोंगराएवढं वाटतं त्यातलं बरंच आपल्याला सोपं जातं. 'मी जातो, मी जाते' हा भेद हिब्रूत आहे: आनी होलेख, आनी होलेखेत. 'तू गेलास, तू गेलीस' हाही आहे: हालाख्ता, हालाख्त. त्सादीचा उच्चार म्हणजे 'चाक', 'चोर' यांतला आपला दंत्य च, आणि जायिनचा आवाज 'जास्त'मधल्या ज च्या अगदी जवळ. अडतं ते आदरार्थी बाबतीत. हिब्रूत 'तुम्ही', 'आपण' असं एका माणसाला म्हणत नाहीत. डॉक्टर असो की घरमालक, पुरुषाला 'आता', बाईला 'आत'. मराठी माणूस आदरापोटी अनेकवचन वापरतो आणि समोरचा मागे वळून दुसरं कोण उभं आहे ते बघतो.

दुसरी शिदोरी अरबीची. अरबी आणि हिब्रू एका कुळातल्या, आणि फारसीमार्फत आलेले अरबी शब्द मराठीत शेकड्याने आहेत. 'हिशोब' घ्या. हिब्रूत ख-श-ब: खेश्बोन म्हणजे हॉटेलातलं बिल, लाख्शोव म्हणजे विचार करणं, माख्शेव म्हणजे संगणक, खाशूव म्हणजे महत्त्वाचं. उपाहारगृहात "खेश्बोन, बेवाकाशा" म्हटलं की बिल येतं. अरबीचा स हिब्रूत बहुधा श असतो (सलाम-शालोम). मराठीने 'हिसाब'चा 'हिशोब' केला तो आपल्या वळणाने, पण योगायोगाने हिब्रूच्या जवळ जाऊन बसला. 'कबूल' आणि हिब्रू लेकाबेल (मिळणं, स्वीकारणं) एका धातूचे. दुकानात पावती मागायची तर 'काबाला' म्हणायचं. 'हिकमती' आणि खाखाम (हुशार), 'मालक' आणि मेलेख (राजा), 'कुर्बानी' आणि कोर्बान (आजच्या बातम्यांत 'बळी पडलेला'), 'तारीख' आणि ताआरीख, 'ऐन वेळी'मधलं ऐन आणि आयिन (डोळा). आपल्या शेतकऱ्याचा 'खरीप'सुद्धा: अरबीत खरीफ म्हणजे शरद, हिब्रूत खोरेफ म्हणजे हिवाळा. अर्थ सरकलेले असतात, म्हणून ही यादी आठवणीसाठी खुंटी म्हणून वापरा, भाषांतरासाठी नको. पेआलीमला यातलं काहीच ठाऊक नाही. ही जोडणी वाचकाने स्वतःच्या वहीत करायची.

वहीचं काम अँकीवर

पेआलीमवर सराव नाही, प्रश्नपत्रिका नाही, उदाहरणवाक्यं नाहीत. तो कोश आहे, शिक्षक नव्हे. उजळणीसाठी अँकी हे कार्डांचं साधन सोबत घ्यावं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात. त्यात रोज २० नवी कार्डं अशी मूळ मांडणी असते, ती ८ वर आणा. रोजच्या नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट उजळणी महिन्याभरात साचते. २० ठेवली तर तिसऱ्या आठवड्यात रोजची दीडशे-दोनशे कार्डं बघून माणूस सोडून देतो.

कार्ड असं करा. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, शब्दाची जागा रिकामी. मागे हिब्रू शब्द निकूदसह, दुसऱ्या ओळीत निकूदविना, मग धातू, बिन्यान किंवा साचा, आणि त्याच धातूचा एकच आधी शिकलेला शब्द. क्रियापद असेल तर सोबतचं अव्यय लिहायला विसरू नका. 'लेहिश्तामेश'नंतर 'बे' लागतं, 'लाआजोर' (मदत करणं) नंतर 'ले'. पहिल्यात मराठीशी मेळ नाही (आपण वस्तू 'वापरतो', ते वस्तू'मध्ये' वापरतात), दुसऱ्यात आहे ('कोणाला मदत'). एका दिवशी एकाच धातूचे आठ शब्द टाकू नका. सारखे आवाज एकमेकांवर चढतात आणि मिख्ताव, माख्तेवा (लिहायचं टेबल), हाख्तावा यांची खिचडी होते. दोन घ्या, पुढचे दोन आठवड्याने.

तांत्रिक खोडी एक आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. मराठी आणि हिब्रू एकाच रकान्यात लिहिलं की कंस आणि पूर्णविराम भलत्या टोकाला उड्या मारतात. दोन भाषांना दोन रकाने ठेवा, आणि हिब्रू रकान्याच्या मांडणीत उलट्या दिशेची खूण करा. अक्षर निदान ३२ मापाचं ठेवा. त्याहून बारीक असेल तर फोनवर सेगोल या स्वरचिन्हाचे तीन ठिपके आणि त्सेरे या स्वरचिन्हाचे दोन ओळखू येत नाहीत.

वाक्यांसाठी आणि बोलीतल्या शब्दांसाठी दुसरीकडे जावंच लागतं. रोज लागणारा शब्द कोणता आणि पुस्तकी कोणता, हेही धातूच्या यादीवरून कळत नाही. दोन्ही एकाच मापात छापलेले असतात. साधा नियम असा: जो शब्द पाटीवर, पावतीवर किंवा बोलण्यात भेटला त्याच्यापासूनच सुरुवात करायची आणि यादीतले ओळखीचे तेवढेच उचलायचे. प्रमाण रूपाबद्दल वाद असेल तर हिब्रू भाषा अकादमीचं संकेतस्थळ पाहावं. ही संस्था १९५३ मध्ये कायद्याने स्थापन झाली आणि तिचा शब्द शेवटचा मानतात. त्या पानांसाठी मात्र हिब्रू वाचता यायला हवी.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएली (मराठी ज्यू) घरांत हिब्रू मुख्यतः प्रार्थनेतून येते, आणि तिथे पेआलीमची मर्यादा ठळक होते, कारण ते आधुनिक हिब्रूचं साधन आहे. नामांसाठी चालतं. मुंबईच्या मांडवी भागातल्या १७९६ च्या सिनेगॉगचं नाव 'शाआर हाराखामीम', दयेचं दार. र-ख-म उघडलं की राखामीम (दया) आणि रेखेम (गर्भाशय) शेजारी दिसतात, आणि आपला 'रहम' नि साताऱ्याकडचं रहिमतपूरही त्याच मुळावर उभं असल्याचं लक्षात येतं. पण तोरा या ज्यू धर्मग्रंथातलं 'वायोमेर' (आणि तो म्हणाला) शोधलं तर तक्त्यात ते रूप नाही. जुन्या हिब्रूत भविष्यासारख्या दिसणाऱ्या रूपाला 'वा' जोडून भूतकाळ सांगतात, आजच्या भाषेत ती पद्धत उरलेली नाही. अशा वेळी पुढचा 'वा' कापायचा, उरलेल्या 'योमेर'शी मिळतंजुळतं 'योमार' हे भविष्यकाळाच्या रकान्यात शोधायचं, तिथून आ-म-र या धातूपर्यंत पोचायचं आणि काळ मात्र भूतकाळ समजून वाचायचा.